रॉल्स समजून घ्यायचा तर पडद्यापासून सुरुवात करू नका

एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "जॉन रॉल्स म्हणजे कल्याणकारी राज्याचा तत्त्वज्ञ, एवढं नोट्समध्ये आहे. 'अज्ञानाचा पडदा' पाठ झाला, पण पटत नाही. आपण कोण हे विसरून कुणाला विचार करता येतो का? शिवाय जातीने बांधलेल्या समाजात या अमेरिकन प्राध्यापकाचा उपयोग काय? त्याच्या आयुष्याबद्दल सांगा, आणि मूळ पुस्तक कुठून वाचायला घ्यावं तेही."

हा विषय शिकवण्यात माझी हयात गेली, पण नोट्समधला रॉल्स मला कधी ओळखीचा वाटला नाही. तिथे दोन गोष्टी हमखास असतात, पडदा (समाजात आपली जागा कोणती हे ठाऊक नाही असं धरून नियम ठरवायची कल्पना) आणि कल्याणकारी राज्य. पडदा हे त्याच्या मांडणीतलं एक साधन आहे, पाया नव्हे. दुसरी गोष्ट तर सरळ चूक आहे, कारण कल्याणकारी राज्याची भांडवलशाही आपल्या न्यायतत्त्वांत बसत नाही असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पाया आहे तो वेगळाच. जन्माने पदरात जे पडतं ते कुणी कमावलेलं नसतं. मात्र त्या पडलेल्या दानातून कुणाला किती मिळावं हे ठरवणारे नियम माणसांनी केलेले असतात, आणि न्याय-अन्यायाचा सवाल या नियमांना विचारायचा असतो. हे एकदा ध्यानात आलं की पडद्याचं काम काय तेही कळतं.

चरित्रातून सिद्धांत ओढून काढायची मला हौस नाही. रॉल्सच्या बाबतीत मात्र दोन-तीन प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

२१ फेब्रुवारी १९२१ रोजी बाल्टिमोरमध्ये त्याचा जन्म झाला. पाच भावांतला हा दुसरा. वडील विल्यम ली रॉल्स वकील होते, पण कायद्याच्या महाविद्यालयाची पायरी न चढलेले. एका वकिली कचेरीत हरकाम्या म्हणून लागले, तिथेच पुस्तकं वाचून परीक्षा पास झाले. आई स्त्रियांच्या मतदार संघटनेच्या कामात पुढे होती. घर खाऊनपिऊन सुखी. १९२८ साली सात वर्षांच्या जॉनला घटसर्प झाला. धाकटा भाऊ बॉबी, मोठ्यांनी बजावूनही, त्याच्या खोलीत जाऊन बसायचा. त्याला लागण झाली आणि तो गेला. पुढच्या हिवाळ्यात जॉनला न्यूमोनिया झाला. त्याची लागण होऊन त्याहून धाकटा टॉमी गेला. जॉन दोन्ही वेळा वाचला. त्याच्या बोलण्यातलं तोतरेपण या धक्क्याने सुरू झालं असं आईला वाटायचं. हे तोतरेपण जन्मभर राहिलं. पुढे हार्वर्डमध्ये तो व्याख्यानं शब्दन् शब्द लिहून आणायचा, त्यामागे हेही कारण असावं.

प्रिन्स्टनला असताना त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं. पदवीसाठी त्याने प्रबंध लिहिला तो पाप आणि श्रद्धा या विषयावर. १९४३ च्या सुरुवातीला पदवी मिळाली आणि तो पायदळात भरती होऊन पॅसिफिकच्या आघाडीवर गेला. न्यू गिनी, मग फिलिपीन्समधली लेते आणि लुझॉन ही बेटं. १९९७ मध्ये, आयुष्याच्या अखेरीकडे, त्याने आपल्या श्रद्धेबद्दल एक छोटं टिपण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर २००९ साली छापलं गेलं. त्यात आपली श्रद्धा कशाने ढळली ते तो सांगतो. लेतेवर एका पाद्र्याने प्रवचनात सांगितलं की देव आपल्या गोळ्या जपान्यांवर नेमक्या लागू देतो आणि त्यांच्या गोळ्यांपासून आपल्याला वाचवतो. ही शुद्ध लबाडी आहे म्हणून रॉल्स चिडला. मे १९४५ मधला लुझॉनवरचा प्रसंग याहून जिव्हारी लागणारा आहे. सार्जंटने दोन स्वयंसेवक मागितले. एकाने कर्नलबरोबर शत्रूची ठाणी पाहायला पुढे जायचं, दुसऱ्याने जवळच्या छोट्या इस्पितळात एका जखमी जवानाला रक्त द्यायचं. रॉल्स आणि त्याचा तंबूतला सोबती डीकन, दोघेही तयार झाले. कुणी कुठे जायचं हे रक्तगटावर ठरलं. रॉल्सचा गट जुळला म्हणून तो इस्पितळात गेला, आणि डीकन पुढे गेला. तोफगोळ्यांचा मारा सुरू झाल्यावर डीकन आणि कर्नलने खड्ड्यात उडी घेतली, गोळा नेमका त्याच खड्ड्यात पडला. तिसरी गोष्ट म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची बातमी. इतिहासात देवाची इच्छा म्हणून जे काही असेल ते न्यायाच्या आपल्या कल्पनेशी जुळायला हवं, आणि हे जुळत नाही, असं त्याला वाटलं. धर्मोपदेशक व्हायचा विचार तिथेच संपला.

युद्ध संपल्यावर सैनिकांच्या रेल्वेतून जाताना त्याने हिरोशिमाचे अवशेष पाहिले. त्याविषयी तो कितीतरी वर्षं काही बोलला नाही. १९९५ साली, बॉम्बला पन्नास वर्षं होताना, लेख लिहून त्याने सांगितलं की हिरोशिमावरचा बॉम्ब आणि त्याआधी जपानी शहरांवर केलेला आगीचा वर्षाव ही दोन्ही मोठी अन्याय्य कृत्यं होती. ज्या सैनिकांचे प्राण बॉम्बमुळे वाचले असं सांगितलं जातं त्यांच्यातलाच एक जण हे लिहीत होता.

बाकीचं आयुष्य बाहेरून पाहिलं तर सपाट आहे. १९५० मध्ये प्रिन्स्टनची पीएच.डी., १९५२-५३ मध्ये ऑक्सफर्डला एक वर्ष, मग कॉर्नेल, एमआयटी आणि १९६२ पासून शेवटपर्यंत हार्वर्ड. मुलाखती जवळजवळ दिल्याच नाहीत. लिहायचा तो सावकाश. 'न्याय म्हणजे निष्पक्षता' या कल्पनेवरचा त्याचा लेख १९५८ चा, आणि 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हा ग्रंथ आला १९७१ मध्ये. मधल्या काळात मसुदे सहकाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांतून फिरत होते. १९६८-६९ मध्ये हार्वर्डला पाहुणे म्हणून आलेले अमर्त्य सेन, अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो आणि रॉल्स यांनी मिळून एक वर्ग घेतला, त्यातही या विचारांची घासाघीस झाली.

मग १९६९-७० चं वर्ष तो स्टॅनफर्डच्या एका अभ्यास केंद्रात ग्रंथ पुरा करायला गेला. एप्रिल १९७० मध्ये तिथे जाळपोळ झाली. रॉल्सच्या खोलीपर्यंत ज्वाळा पोचल्या नाहीत, पण आग विझवण्याच्या पाण्यात टेबलावरचं टंकलिखित भिजून चिंब झालं. त्याने पानन् पान वाळत घातलं. त्याच आगीत आपले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची कर्नाटकातल्या रामपुरा गावाच्या अभ्यासाची टिपणं जळाली, आणि मग त्यांनी ते गाव आठवणीतून लिहून काढलं. एकाच इमारतीत एकाची पानं नुसती भिजली, दुसऱ्याची खाक झाली.

आता विचाराकडे येऊ. नेहमीचा रस्ता पहिल्या प्रकरणातून पडद्याकडे जातो. मी वर्गात 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मधलं कलम १७ आधी काढायला सांगतो. तिथे रॉल्स म्हणतो की निसर्गाने केलेली वाटणी न्याय्यही नसते आणि अन्याय्यही नसते. कुणी कुठल्या घरात जन्मावं, कुणाला कुठली बुद्धी मिळावी, या नुसत्या घटना आहेत. समाजाच्या संस्था या घटनांशी कसं वागतात, त्यात न्याय-अन्याय असतो. मग लगेच उदाहरण देतो: सरंजामी आणि जातींवर उभे असलेले समाज अन्याय्य आहेत, कारण तिथे जन्माच्या योगायोगालाच बंदिस्त वर्गांचा आधार करून टाकलेलं असतं. 'जात' हा शब्द रॉल्सच्या ग्रंथात आहे, अगदी गाभ्याच्या ठिकाणी आहे, हे तुमच्या नोट्स सांगत नाहीत.

यापुढचं त्याचं पाऊल बऱ्याच वाचकांना बोचतं. पैसा आणि घराणं हे योगायोग आहेत, हे पटकन मान्य होतं. रॉल्स म्हणतो, हुशारीही योगायोगच आहे. इतकंच काय, कष्ट करायची वृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी घरातून आणि परिस्थितीतून येते. मग हुशार माणसाला जास्त मिळू नये का? मिळावं, पण 'तो हुशार आहे म्हणून ते त्याचंच' हे कारण चालणार नाही. त्याला जास्त मिळण्यातून सगळ्यांचं, विशेषतः तळाच्या माणसाचं, काही भलं होत असेल तर ते कारण चालेल. याच धारणेतून व्हिएतनाम युद्धाच्या काळात रॉल्सने एक भूमिका घेतली होती. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना तेव्हा सक्तीच्या लष्करभरतीतून सूट मिळे. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी या सवलतीला विरोध करावा असा प्रस्ताव आला तेव्हा रॉल्स त्या बाजूने उभा राहिला. भरती करायचीच असेल तर सुशिक्षितांची पोरं वगळून गरिबांचीच का न्यायची, हा त्याचा सवाल. प्रस्ताव फेटाळला गेला.

समाजाची 'मूलभूत संरचना' हा त्याचा शब्दप्रयोग विद्यार्थ्यांना फार हवेतला वाटतो, म्हणून मी साखर कारखान्याचं उदाहरण घेतो. आपल्याकडे १९५० मध्ये प्रवरेचा कारखाना सुरू झाला, मग सहकाराचं जाळं पसरलं. ऊस लावणारा शेतकरी सभासद असतो, त्याच्या नावावर शेअर असतात, संचालक मंडळाला तो मत देतो. तोच ऊस तोडायला दुष्काळी भागातून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती हंगामभर फेडायची. सभासद कष्ट करत नाही असं नव्हे, तोडणी कामगाराला अक्कल नाही असंही नव्हे. जमीन कुणाच्या नावावर आहे, शेअर कुणाला घेता येतो, मजुरी ठरवताना कोण टेबलाशी बसतं, उचलीचं कर्ज कुणाच्या मानेवर राहतं, हे नियम आधीच ठरलेले आहेत. एखादा चेअरमन दयाळू निघाला म्हणून ही रचना बदलत नाही. रॉल्सला मूलभूत संरचना म्हणायचं ते हे: मालमत्तेचे कायदे, राज्यघटना, बाजार, शिक्षण, कुटुंब. माणसाच्या आयुष्याचा उंबरठा किती उंच असणार हे त्यावरून ठरतं.

इथे पडदा येतो. आपण सभासदाच्या घरी जन्मणार की कोयत्यावर, हे ठाऊक नसताना कारखान्याचे नियम करायचे झाले तर कोणते कराल? स्वतःला विसरायला रॉल्स सांगतच नाही. तुम्ही म्हणता तसा तो मनाचा चमत्कार नाही. न्यायाधीश स्वतःच्या भावाचा खटला ऐकत नाही, कारण ती माहिती निवाड्यात शिरायला नको. पडदाही तेवढंच करतो, युक्तिवादात कुठली कारणं आणायची नाहीत ते ठरवतो. 'मी सभासद आहे म्हणून हा नियम बरा' असं कुणाला म्हणता येत नाही. पडद्याआडची माणसं दयाळू किंवा त्यागी आहेत असंही रॉल्स मानत नाही. ती आपापला फायदा बघतात, फक्त आपण कोण ते त्यांना ठाऊक नसतं. पडदा म्हणजे करुणेचा अभ्यास, असं जे बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं ते यामुळे फसतं.

पडदा हा पाया नाही, याचा माझ्याजवळचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे जॉन हार्सान्यी. या हंगेरियन वंशाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच जवळजवळ हीच युक्ती वापरली होती: आपण समाजात कुठल्याही जागी असण्याची शक्यता सारखीच आहे असं धरून निवड करा. त्यातून त्याने उपयुक्ततावाद सिद्ध केला, म्हणजे ज्या व्यवस्थेत सरासरी कल्याण जास्त ती निवडायची. रॉल्सचा सगळा ग्रंथ ज्या उपयुक्ततावादाला खोडायला लिहिलेला, तोच! पडद्याआडचं अज्ञान दोघांकडे सारखं, उत्तरं मात्र उलट. तेव्हा फरक दुसरीकडून येतो. रॉल्सच्या मते इथे शक्यता मोजायला काही आधारच नाही. निवड एकदाच आणि जन्मभरासाठी करायची आहे, आपल्या मुलाबाळांनाही ती लागू होणार. आणि ज्या व्यवस्थेत आपल्या वाट्याला गुलामी येऊ शकते ती आपण मान्य केली, तर उद्या खरंच तशी वेळ आल्यावर आपण शब्द पाळू शकणार नाही. करार प्रामाणिकपणे करायचा तर पाळता येण्याजोगाच करायला हवा. उपयुक्ततावादावरचा त्याचा मुख्य आक्षेपही यातच आहे: तो माणसामाणसांतलं वेगळेपण गांभीर्याने घेत नाही, एकाच्या दुःखाची भरपाई दुसऱ्याच्या सुखाने होते असं धरून बेरीज मांडतो.

निघालेली तत्त्वं तुम्हाला पाठ असतील, म्हणून भरभर सांगतो. पहिलं, सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्यं. दुसऱ्याचे दोन भाग: अधिकाराच्या जागा आणि पदं खऱ्या अर्थाने समान संधी देऊन सर्वांना खुली असावीत, आणि विषमता राहिलीच तर ती तळाच्या माणसाच्या जास्तीत जास्त हिताची असावी. या शेवटच्या भागाला भेदतत्त्व म्हणतात. परीक्षेत सगळे ज्यावर घसरतात ती गोष्ट म्हणजे यांचा क्रम. स्वातंत्र्य आधी, समान संधी त्यानंतर, भेदतत्त्व सगळ्यात शेवटी. पगार वाढतो म्हणून मतस्वातंत्र्य विकता येत नाही. तळाच्या माणसाला दोन पैसे जास्त मिळतात म्हणून त्याच्या मुलाला पदापासून रोखता येत नाही.

भेदतत्त्व आकड्यांत पाहा. एका व्यवस्थेत तिघांना १०, १०, १० मिळतात. दुसरीत ४०, २०, १४. तिसरीत ९०, ४०, ९. बेरीज करणारा तिसरी निवडेल, कडक समतावादी पहिली. रॉल्स दुसरी निवडतो, कारण तिच्यात तळाचा माणूस सगळ्यात वर आहे. म्हणजे तो विषमतेच्या मुळावर उठलेला नाही, पण तिच्याकडे हिशेब मागतो. ९० मिळवणाऱ्याने नुसतं 'मी कमावलं' म्हणून भागत नाही. जोखीम टाळण्यासाठी वाईटातलं बरं निवडण्याचा जो 'मॅक्सिमिन' नियम आहे, त्याच्याशी या तत्त्वाची गल्लत करू नका, असं पुढे रॉल्सने स्वतः बजावलं. त्यामागचा खरा विचार परस्परभावाचा आहे: वरच्याने खालच्याच्या जिवावर आणखी वर जाऊ नये.

आता कल्याणकारी राज्य. २००१ साली आलेल्या 'जस्टिस ॲज फेअरनेस: अ रीस्टेटमेंट' या छोट्या पुस्तकात रॉल्स पाच व्यवस्था समोर मांडतो: मोकाट भांडवलशाही, कल्याणकारी राज्याची भांडवलशाही, केंद्रीय नियोजनाचा सरकारी समाजवाद, मालमत्ताधारक लोकशाही आणि उदारमतवादी समाजवाद. पहिल्या तिन्ही तो नापास करतो. कल्याणकारी राज्य नापास का? कारण तिथे उत्पादनाची साधनं मूठभरांच्या हाती राहतात, आणि वर्षाच्या शेवटी जे मागे पडले त्यांच्या हातावर काहीतरी ठेवलं जातं. ती माणसं कायमची लाभार्थी होऊन बसतात. मालमत्ताधारक लोकशाही, ही कल्पना त्याने अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्याकडून घेतली, शेवटाची वाट न बघता सुरुवातीलाच मालमत्ता आणि शिक्षण पसरवते. वारशावर कर लावते, म्हणजे संपत्ती पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत साचत नाही. आपल्या रोजगार हमी योजनेने दुष्काळात कित्येकांना तगवलं, आणि तिचं मोल कमी नाही. पण रॉल्सच्या मापाने ती शेवटाकडची मदत ठरते. खडी फोडून संध्याकाळी मजुरी हातात आली तरी सातबाऱ्यावर नाव चढत नाही. रॉल्सला 'मवाळ कल्याणवादी' म्हणणाऱ्यांना मी हे पान दाखवतो.

टीकाकारांपैकी रॉबर्ट नोझिक तुम्हाला अभ्यासाला असेलच. हार्वर्डच्या त्याच विभागातला हा तरुण सहकारी. १९७४ मध्ये त्याने रॉल्सविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि त्यातच कबूल केलं की यापुढे राजकीय तत्त्वज्ञांना एकतर रॉल्सच्या चौकटीत काम करावं लागेल, नाहीतर का करत नाही ते सांगावं लागेल. बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे: प्रेक्षक आपखुशीने तिकिटामागे पंचवीस सेंट त्याला देतात, तो श्रीमंत होतो, मग यात अन्याय कुठे? उदाहरण चलाख आहे. पण रॉल्स खेळाडूचे पैसे हिसकायला निघालेलाच नाही. कर किती हे सर्वांना आधीपासून ठाऊक असलेला नियम असेल, तर कर वजा जाता जे उरतं तेवढ्यावरच चेंबरलेनचा हक्क उभा राहतो. नोझिक गृहीत धरतो की मालकीचा हक्क नियमांच्या आधी कुठेतरी पुरा तयार असतो. खरा वाद तिथे आहे. मायकल सँडेलसारख्या समुदायवाद्यांच्या, म्हणजे माणूस आपल्या समुदायापासून सुटा काढून विचारात घेता येत नाही म्हणणाऱ्यांच्या, टीकेवर अभ्यासक्रमात पुष्कळ तास जातात. माझ्या मते तेवढे जायला नकोत.

सुझन मोलर ओकिनची टीका मात्र आत घुसते. रॉल्सने सुरुवातीला पडद्याआड जे लोक बसवले त्यांना त्याने 'कुटुंबप्रमुख' मानलं, आणि कुटुंबाच्या आत काय चालतं ते तसंच सोडून दिलं. ओकिनने १९८९ मध्ये विचारलं, घरातली श्रमाची वाटणीच अन्याय्य असेल तर? कोयत्याचं उदाहरण परत घ्या. जोडी म्हणून एकच हिशेब, उचल बहुतेक नवऱ्याच्या हातात, आणि बाई पहाटे भाकऱ्या थापून फडात, फडातून परत चुलीपाशी. कोयता हे एकक धरलं की बाई दिसेनाशी होते. रॉल्सने नंतर या टीकेची दखल घेतली, कुटुंबातल्या स्त्रियांचे समान हक्क स्पष्टपणे मान्य केले. पण ती दुरुस्ती वरून लावलेली वाटते.

सेन यांचा मुद्दा वेगळा आहे. रॉल्स माणसाची स्थिती 'प्राथमिक वस्तूं'नी मोजतो: हक्क, संधी, उत्पन्न, आत्मसन्मानाचा आधार. सेन १९७९ पासून म्हणत आले की सारखंच उत्पन्न असलं तरी चाकाच्या खुर्चीवरचा माणूस त्यातून तेवढंच आयुष्य उभं करू शकत नाही. शिवाय समोर दोन अन्याय असताना कुठला आधी दूर करायचा हे कळायला परिपूर्ण न्याय्य समाजाचा आराखडा लागत नाही. हे सगळं ज्या ग्रंथात त्यांनी विस्ताराने मांडलं तो २००९ चा ग्रंथ रॉल्सच्याच स्मृतीला अर्पण केलाय.

जातीचा प्रश्न शेवटी ठेवला कारण तो सगळ्यात अवघड आहे. रॉल्सचा सिद्धांत 'आदर्श' परिस्थितीचा आहे: सगळे नियम पाळतात असं धरून चाललेला. जिथे पिढ्यान् पिढ्या अन्याय होऊन गेलाय तिथे भरपाई कशी करायची, यावर तो जवळपास मुका आहे. चार्ल्स मिल्स या कृष्णवर्णीय तत्त्वज्ञाने त्याला हेच सुनावलं. नागरी हक्कांचं आंदोलन पेटलेलं असताना लिहिलेल्या ग्रंथात वंशवादाचा विचार इतका थोडा कसा? या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, रॉल्सकडेही नव्हतं.

तरी त्याच्याकडून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. प्राथमिक वस्तूंमध्ये सगळ्यात महत्त्वाची कदाचित आत्मसन्मानाची, असं तो कलम ६७ मध्ये म्हणतो. स्वतःची किंमत आहे, आपण ठरवलेलं करून दाखवू शकतो, हा भरवसा नसेल तर बाकीचं सगळं बेचव होतं. आणि या भरवशाचा आधार समाजाच्या संस्थांतून यावा लागतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता. उत्पन्नाच्या रकान्यात त्या घटनेची नोंद कुठेच होत नाही, आत्मसन्मानाच्या रकान्यात मात्र होते. दुसरी गोष्ट राजकीय स्वातंत्र्याच्या 'न्याय्य मोला'ची. प्रत्येकाला एक मत असलं तरी पैसेवाल्याचा आवाज दहापट मोठा असेल तर ते समान स्वातंत्र्य कागदावरच राहतं, म्हणून निवडणुकीवरची पैशाची पकड मोडायला हवी, असं रॉल्स सांगतो. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं की आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय: राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. रॉल्सच्या ग्रंथाच्या बावीस वर्षं आधीचं हे भाषण आहे. दोघांना शेजारी ठेवून वाचा, पण 'आंबेडकर म्हणजे भारतीय रॉल्स' असलं काही उत्तरपत्रिकेत लिहू नका. एकाने न्याय्य समाज कसा असेल हे विचारलं, दुसऱ्याने अन्याय्य समाजातून बाहेर कसं पडायचं हे.

आणि एक खबरदारी. २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक निकषावर दहा टक्के आरक्षण आलं, तेव्हापासून भेदतत्त्वाचा आधार देऊन 'आरक्षण जातीऐवजी गरिबीवर द्या' असं लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. मत कुठलंही असो, रॉल्सच्या नावावर ते असं खपवता येत नाही. भेदतत्त्व उत्पन्न आणि संपत्ती यांच्या वाटपाचं आहे. महाविद्यालयातली जागा, नोकरीतलं पद हा समान संधीचा विषय, आणि ते तत्त्व क्रमाने भेदतत्त्वाच्या वर आहे. जिथे जातीमुळेच संधी नाकारली गेली तिथे नुसतं उत्पन्न मोजून त्या तत्त्वाला न्याय मिळत नाही.

त्याच्या उत्तरार्धाबद्दल थोडंच सांगतो. खुल्या समाजात सगळे एकच तत्त्वज्ञान मानतील ही आपली जुनी अपेक्षा अवास्तव होती, हे त्याच्या ध्यानात आलं. १९९३ च्या 'पोलिटिकल लिबरॅलिझम'मध्ये त्याने प्रश्न बदलला: धर्म आणि श्रद्धा वेगवेगळ्या असलेली माणसं न्यायाच्या एका चौकटीवर, आपापल्या कारणांनी, सहमत होऊ शकतील का? १९९९ च्या ग्रंथात तो आंतरराष्ट्रीय न्यायाकडे वळला, पण भेदतत्त्व जगभर लागू करायला नकार दिला. त्याचे काही शिष्य यावरून नाराज झाले, आणि मला ते बरोबर वाटतात. जन्माचं घर योगायोग असेल तर जन्माचा देश का नाही? १९९५ पासून त्याला पक्षाघाताचे झटके येत गेले. २४ नोव्हेंबर २००२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन इथे राहत्या घरी तो वारला.

वाचनाचं सांगतो. मूळ ग्रंथ सत्त्याऐंशी कलमांचा आणि सहाशेच्या आसपास पानांचा आहे. पहिल्या पानापासून सलग वाचायला बसाल तर तिसऱ्या प्रकरणात दम लागेल. १९९९ ची सुधारित आवृत्ती मिळवा. आधी कलम १ ते ४, मग ११ ते १७. सतरावं दोनदा वाचा. त्यानंतर २४ आणि २६, म्हणजे पडदा आणि त्यामागचा युक्तिवाद, आणि मग ६७. हार्सान्यीचा वाद २६ व्या कलमाच्या सोबतीने वाचलात तर जास्त कळेल. एवढं झाल्यावर २००१ चं छोटं पुस्तक घ्या आणि त्यातला चौथा भाग आधी उघडा. पाच व्यवस्थांची तुलना तिथे आहे. इंग्रजी जड वाटलं तर प्रत्येक कलमाचा सारांश मराठीत, स्वतःच्या शब्दांत, पाच ओळींत लिहून काढा आणि गाडी अडेल तो परिच्छेद मला पाठवा.